फुफ्फुसात दुःख राहत नाही, सुहास

सुहास, मला तुझ्याशी भांडायचंय आणि तू जागेवर नाहीस. हे तुझं नेहमीचंच. लहानपणीसुद्धा भांडण रंगात आलं की तू उठून स्वयंपाकघरात आईच्या मागे जाऊन उभा राहायचास आणि मी खोलीत एकटीच हातवारे करत बसायचे. तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. लोक भेटायला येतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात, मीही मान डोलावते. पण खरं सांगू? मला तुझा भयंकर राग आलाय. इतका, की रडायलाही सुचत नाही.

माझा धाकटा भाऊ फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेला, असं मी सांगते. मग लोक विचारतात, सिगरेट ओढायचा का? नाही, म्हणते. मग ते माझ्याकडे बघतात. मी ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात छातीचीच डॉक्टर आहे हे त्यांना ठाऊक असतं. पुढचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. आयरिश माणसं सभ्यपणे चहाचा कप खाली ठेवतात, आणि आपली मराठी माणसं तो प्रश्न गाडीत बसल्यावर आपसात विचारतात. त्यांचं काय चुकलं? छातीच्या डॉक्टरणीच्या भावाने वर्षभर खोकत राहावं आणि साधा एक्स-रे काढू नये? वर तिला सांगावं की काढला, सगळं ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत उत्तम, आहे?

का खोटं बोललास? हॉस्पिटलात मी तुला हे सरळ विचारलं होतं. तू म्हणालास, "ताई, चहा मिळेल का गं?" मी चहा आणला, पुन्हा विचारलं, तर तू डोळे मिटून घेतलेस. झोपेचं सोंग तुला कधीच जमलं नाही. पापण्या हलत होत्या. त्या दिवशी मी गप्प बसले, कारण माणूस आजारी असताना उलटतपासणी घेऊ नये एवढी अक्कल मला आहे. बरा झाल्यावर बघून घेईन, असं ठरवलं होतं.

हे सगळं सुरू झालं तुझ्या पाठीपासून. पुण्याहून इथे आलास तो सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून. क्लोनडॉकिनला बिझनेस पार्कात नोकरी, तिथेच जवळ घर, बायको मेघना, लेक इरा, सगळं यथासांग चाललेलं. मग दिवसभर खुर्चीत बसून तुझी पाठ धरली. फिजिओ झाले, गोळ्या झाल्या, शेवटी ऑफिसातल्या कुणीतरी तुला एका चिनी बाईंकडे पाठवलं आणि त्यांनी सुया टोचून तुझी पाठ मोकळी केली. पाठ सुटली आणि डोकं अडकलं. कंपनीने माणसं कमी करायला घेतली तेव्हा सगळे जीव मुठीत धरून बसले होते, आणि तू मात्र आपणहून नाव दिलंस, मिळाले ते पैसे घेतलेस आणि चिनी वैद्यकाच्या कोर्सला जाऊन बसलास. मी कपाळावर हात मारला. आई फोनवर एवढंच म्हणाली, "तू सुया टोचणार? तुला इंजेक्शन द्यायचं तर चौघांनी धरावं लागायचं."

त्यानंतरची कितीतरी वर्षं आपण रविवारी भांडलो. तुम्ही तिघं जेवायला ड्रोहेडाला यायचात, मी मटारची उसळ करायचे आणि भात वाढेपर्यंत तू माझ्या फुफ्फुसावर येऊन पोचलेला असायचास. बाकीच्या अवयवांवर माझी काही हरकत नव्हती. यकृत घे, मूत्रपिंड घे, प्लीहेचं काय वाटेल ते कर. पण फुफ्फुस माझं होतं. त्यावर मी सबंध आयुष्य घातलंय.

"ताई, फुफ्फुस सगळ्यात नाजूक अवयव. सगळ्यांच्या वर बसतो, छत्रासारखा. म्हणून बाहेरचा वारा आधी त्यालाच बाधतो," तू सुरू करायचास.

"वारा नाही, व्हायरस."

"हृदय म्हणजे राजा आणि फुफ्फुस म्हणजे त्याचा प्रधान."

"मग यकृत कोण? तहसीलदार?"

"सेनापती," तू गंभीरपणे म्हणालास, आणि मेघनाच्या हातातला भात हसून हसून ताटाबाहेर पडला.

तू ढिम्म. फुफ्फुस बाहेरची हवा घेतं, तिची शक्ती करतं आणि ती शक्ती, तुमची ती 'ची', खाली उतरवतं. ती खाली उतरली नाही की माणूस खोकतो. ते नाकात उघडतं. त्वचा आणि अंगावरची लव त्याच्या ताब्यात, म्हणून ज्याचं फुफ्फुस दुबळं त्याला घाम फार आणि सर्दी वारंवार. त्याचा जोडीदार मोठं आतडं. एकाने वरून घ्यायचं, दुसऱ्याने खालून सोडायचं. हे तू पानावर बसून सांगायचास!

"लहान मुलांना दमा आणि एक्झिमा बरोबर होतो की नाही? आमच्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, फुफ्फुस आणि कातडी एकच खातं," तू एकदा मोठ्या ऐटीत म्हणालास.

"होतो बरोबर. कारण वेगळं आहे."

"कारण तुमचं घ्या. जोडी तर आमची बरोबर निघाली ना?"

असा तू. बोटभर जागा मिळाली की तिथे तंबू ठोकायचास. आणि कोंडीत सापडलास की म्हणायचास, "ताई, तुझं फुफ्फुस आणि आमचं फेइ या दोन वेगळ्या गोष्टी. तुझा तो मांसाचा गोळा आहे. आमचं ते काम आहे." मग माझा पारा चढायचा. अरे, वेगळं आहे तर माझ्या अवयवाचं नाव कशाला वापरतोस? दुसरं ठेव काहीतरी. एक्स-रेत दिसत नाही, दुर्बिणीत दिसत नाही, कापून बघितलं तरी दिसत नाही, आणि बिघडलं मात्र नेमकं तुलाच कळतं. ही सोय आम्हाला असती तर आमची वेटिंग लिस्ट एका दिवसात संपली असती.

पण तुझ्या सगळ्या सिद्धांतात मला खरा सलायचा तो दुःखाचा. प्रत्येक अवयवाला एक भावना. यकृताला राग, मूत्रपिंडाला भीती, आणि फुफ्फुसाला दुःख. त्याचा रंग पांढरा, ऋतू शरद, आणि आवाज रडण्याचा. जो माणूस गेलेल्याला सोडू शकत नाही, त्याचा श्वास छातीतच अडून बसतो, असं तू सांगायचास, आणि ते सांगताना तुझा आवाज उगाचच हळू व्हायचा.

"मी रोज माणसांच्या फुफ्फुसात दुर्बीण घालून बघते. कफ सापडतो, सूज सापडते, एकदा शेंगदाणा सापडला. दुःख अजून सापडलेलं नाही. फुफ्फुसात दुःख राहत नाही, सुहास," मी म्हणायचे.

"तू दुर्बीण घालतेस तेव्हा त्याला झोपेचं औषध दिलेलं असतं. जाग्या माणसात बघ," तू म्हणायचास.

मी उसळीचं भांडं उचलून आत जायचे.

मग आई गेली. पुण्यात, दुपारची, खुर्चीत बसल्या बसल्या. तुझा पासपोर्ट नेमका नूतनीकरणाला गेलेला. तू दिवसभर फोन करत राहिलास, इथे, तिथे, ओळखीच्याला, अनोळखी माणसाला, आणि संध्याकाळी मला म्हणालास, "ताई, तू जा. थांबू नकोस." मी गेले. मुलगा पोचू शकत नाही म्हटल्यावर भटजींनी चुलतभावाकडे पाहिलं, चुलतभावाने माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हटलं, मी देते अग्नी. दिला. चुलतभावाने हातात फोन धरला होता आणि फोनमध्ये तू होतास, क्लोनडॉकिनच्या स्वयंपाकघरात, किटलीला फोन टेकवून उभा. मध्येच तुझा आवाज आला, "ताई, चित्र अडकलंय." कुणी लक्ष दिलं नाही. मीही देऊ शकले नाही, माझ्या हातात आग होती.

परत आले तेव्हा तू विमानतळावर घ्यायला आला होतास. सामान गाडीत टाकायच्या आधी माझा उजवा हात हातात घेतलास आणि मनगटावर तीन बोटं टेकवलीस. ही तुझी सवय मला पाठ होती. हात मिळवल्यासारखं करून तू येणाऱ्या-जाणाऱ्याची नाडी बघायचास.

"तुझी फुफ्फुसाची नाडी पार दबली आहे. तू रडली नाहीस," तू म्हणालास.

"मला उद्या ओपीडी आहे," असं म्हणून मी हात काढून घेतला.

तूही रडला नव्हतास. तुझी नाडी कोण बघणार होतं?

शरद ऋतू आला आणि तुला खोकला लागला. कोरडा, छोटा, दर वाक्यानंतर स्वल्पविरामासारखा. तुझ्या पुस्तकात बसावा असा. तू तर जवळजवळ खूश होतास. "बघ ताई, म्हटलं नव्हतं? आईचा आहे हा खोकला. दुःख उतरलं की जाईल." आणि सुरू झालं तुझं ते पेअर शिजवणं. खडीसाखर घालून पेअर उकडायचे, कारण पेअर म्हणे फुफ्फुसाला ओलावा देतं. तुमच्या घरात शिरलं की पाक झाल्याचा वास यायचा. मेघना वैतागली होती. प्रेसमध्ये, म्हणजे आपल्या कपाटात, चहाचे डबे मागे गेले आणि पुढे पेअर, असं ती मला सांगायची. मी फोनवर तुला दर वेळी एकच सांगत होते. तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला, छातीचा फोटो काढायचा. जीपीकडे, म्हणजे तुझ्या फॅमिली डॉक्टरकडे, जा, चिठ्ठी घे, फोटो काढ. हो ताई. जातो ताई. आणि एक दिवस: "काढला गं ताई. सगळं ग्रँड आहे."

मी विश्वास ठेवला. आमच्याकडे आपल्या नात्यातल्या माणसाचे रिपोर्ट स्वतः उघडून बघायला बंदी आहे, आणि ती बंदी योग्यच आहे. भाऊ सांगतोय फोटो काढला, तर तो काढलेला असतो, असंच कुठल्याही बहिणीला वाटेल. तू आजवर मला उलटी उत्तरं दिलीस, वेड्यासारखी उत्तरं दिलीस, पण खोटं कधी दिलं नव्हतंस. म्हणून तर ते पचलं.

मग एका रविवारी फोनवर तुझा आवाज वेगळा आला. घोगरा, हवा गळत असल्यासारखा. तू म्हणालास, घसा बसलाय. मी ओट्याजवळ उभी होते, गॅस बंद केला. घसा बसणं आणि स्वरयंत्राची एक बाजू हलायची थांबणं यातला फरक मला फोनवरही कळतो. डाव्या छातीत काहीतरी स्वरयंत्राच्या नसेवर दाबत होतं. मी गाडी काढली आणि तुला उचलून हॉस्पिटलात घेऊन गेले. वाटेत तू पेअरची डबी मांडीवर धरून बसला होतास, आणि मी तुला बोलू दिलं नाही.

तुझ्या डॉक्टरने, तुझ्या परवानगीने, मला दुर्बिणीतली चित्रं दाखवली. सुहास, मी तुझ्या आत बघितलंय. गुलाबी, स्वच्छ फुफ्फुस होतं तुझं, कधी विडी न ओढलेल्या माणसाचं. आणि डाव्या बाजूला वरच्या फाट्यात, पांढरट, खडबडीत, ती गाठ. दुःख कुठे नव्हतं. मी शोधलं. हसू नकोस, खरंच शोधलं.

वर्षभर आधी कळलं असतं तर? मला सगळे हे विचारतात आणि मी डॉक्टरी उत्तर देते, की सांगता येत नाही, कदाचित तेव्हाही उशीरच झालेला असता. ते खरंही आहे. पण कदाचित झाला नसता, हेही तितकंच खरं आहे, आणि तू मला या दोन कदाचितांच्या मधे बसवून निघून गेलास.

तुझ्या अंत्ययात्रेला क्लोनडॉकिन लोटलं होतं. आपली माणसं होतीच, कुर्ते घालून, कुठे उभं राहायचं ते न कळून भिंतीला लागलेली. पण जास्त करून तुझे पेशंट. केस सेट केलेल्या आज्या, ढोपरं धरून चालणारे आजोबा, हाताला पट्टी बांधलेली एक पोस्टवाली. इथल्या रिवाजाप्रमाणे एकेक जण रांगेने येऊन माझा हात हातात घेत होता आणि म्हणत होता, "सॉरी फॉर युअर ट्रबल." इतकी माणसं, इतके हात. प्रत्येक जण तुझ्याबद्दल एक वाक्य सांगायचा आणि पुढे सरकायचा. मला छान वाटलं, हे कबूल करते. आपल्याकडे लोक लांबून नमस्कार करतात; इथे पंजा दाबतात आणि सोडायची घाई करत नाहीत.

नंतर चहा-सँडविचच्या वेळी मी मेघनापाशी तुझ्या नावाने बोटं मोडत होते, तर तुझी इरा समोर येऊन उभी राहिली. "आत्या, विल यू स्टॉप गिव्हिंग आउट अबाउट डॅड? जस्ट फॉर टुडे?" गिव्हिंग आउट म्हणजे इथल्या भाषेत आरडाओरडा करणं, रागावणं. मराठी सगळं कळतं पोरीला, म्हणून तर पंचाईत. एक दिवसापुरती सूट मागितली होती तिने, आणि ती तिला दिली.

त्या दिवशी मला तुझा 'पो' आठवला. फुफ्फुसात एक जीव राहतो, देहाला बांधलेला, म्हणून त्याला वेदना कळते, थंडी कळते, असं तू सांगितलं होतंस. माणूस गेला की दुसरा जीव वर जातो आणि हा 'पो' मातीत उतरतो. मी लगेच विचारलं होतं, की आम्ही तर माणूस जाळतो, मग तो उतरणार कुठे? तू घास तोंडात धरून थांबलास. "हां. हे सरांना विचारून सांगतो," म्हणालास. अजून सांगितलेलं नाहीस. दहनगृहात पडदा सरकला आणि तुझी पेटी आत गेली, तेव्हा माझ्या डोक्यात हाच प्रश्न होता. दुसरी बहीण असती तर तिच्या मनात निदान प्रार्थना तरी आली असती.

आता कालचं ऐक. त्यासाठीच हे लिहायला बसले.

तुझी ती केमिस्टच्या वरची दवाखान्याची खोली रिकामी करून द्यायची होती. मेघनाच्याने होईना, म्हणून मी गेले. सुयांचे खोके, काचेचे कप, टेबलावरची चादर. भिंतीवर माणसाच्या आकृतीवर रेघा मारलेला तो तक्ता, आणि त्यात छातीतून निघून दंडावरून अंगठ्यापर्यंत गेलेली फुफ्फुसाची रेघ. मी तक्ता काढत होते, तेवढ्यात दारावर टकटक झाली. जेरी. निवृत्त बस ड्रायव्हर, बायको नोरीन गेल्यापासून खोकला लागलेला, असं तूच मला कधीतरी सांगितलं होतंस, अर्थात 'बघ, दुःख!' असं म्हणून. अंत्यविधीला त्याने माझा हात धरला होता. आता हातात सफरचंदाचा टार्ट. आत आला आणि सवयीने खुर्चीत बसून बाही वर करायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने बाही तशीच राहू दिली.

सुहास, मला एक भीती होती, जी मी कुणाला बोलले नव्हते. तू स्वतःचा कॅन्सर दुःख समजून बसलास. मग आणखी कुणाकुणाचा? या खोलीत कुणाच्या छातीत गाठ वाढत होती आणि तू त्याला सुया टोचून पेअर खायला सांगत होतास का? जेरी समोर खोकला आणि माझ्या तोंडून निघालंच, "जेरी, तुमच्या छातीचा फोटो कधी काढलाय?"

तो हसायला लागला. इथे कुणाबद्दल सांगायचं झालं की 'युअर मॅन' म्हणतात, आपण 'तो पठ्ठ्या' म्हणू तसं. "युअर मॅन मला हातच लावेना, डॉक्टर. आधी जीपीकडे जा, फोटो काढून आण, मग सुई. म्हणाला, माझ्या बहिणीचा नियम आहे. इथे येणाऱ्या प्रत्येक खोकल्याला तोच नियम. बिंगोतल्या बायका म्हणायच्या, याच्याकडे सुई टोचून घेण्यापेक्षा स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट मिळणं सोपं."

मी तक्त्याची दोरी हातात धरून उभी राहिले. सगळ्या वादांत तू मला कधी एक इंच दिला नाहीस. आणि माझ्या माघारी, या खोलीत, माझंच राज्य चालवत होतास! सबंध क्लोनडॉकिनला फोटो काढायला धाडलंस तू, माझं नाव सांगून. मला एका शब्दाने कळू दिलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? मी चार दिवस टेंभा मिरवला असता, एवढंच ना? जीव हलका झाला माझा, आणि त्याच क्षणी राग दुप्पट झाला. कारण आता ते निमित्तही गेलं, की तुला कळत नव्हतं. तुला चांगलं कळत होतं. प्रत्येकाला सांगण्याइतकं कळत होतं.

"आणि त्याने स्वतः का नाही काढला?" मी विचारलं. जेरीला विचारलं की तुला, कोण जाणे.

त्याने टार्टचा डबा टेबलावर ठेवला आणि थोडा सरकवला. "मी विचारलं होतं. म्हटलं, लॅड, तुझा खोकला माझ्याहून वाईट आहे, तुझा फोटो कुठाय? आधी उडवून लावलं. मग एक दिवस सुया लावून झाल्यावर इथे बसला, या स्टुलावर. म्हणाला, जेरी, फोटो काढत नाही तोवर ही माझी आई आहे. काढला की नुसता खोकला होईल." त्याने वर केलेली बाही खाली ओढली. "म्हणाला, माझ्या बहिणीने तिला निरोप दिला. माझ्या वाट्याला एवढंच आलं. ते राहू दे काही दिवस."

आणि तो म्हातारा, नोरीनचा नवरा, माझ्याकडे बघून म्हणाला की त्याला ते पटलं होतं. त्याने पुढे काही विचारलं नाही.

मला नाही पटलं. मी त्याला खाली गाडीपर्यंत सोडून आले, दार लावलं आणि तुझ्या त्या स्टुलावर बसून तुझ्याशी मोठ्याने भांडले. खालच्या केमिस्टला ऐकू गेलं असेल. निरोप दिला? मी? कुणी सांगितलं तुला? मी लाकडं बघितली, दाखला बघितला, भटजींची रिक्षा बघितली, शेजारच्यांच्या चहाचं बघितलं आणि तुला नीट दिसावं म्हणून फोन कुठे धरायचा ते बघितलं. आईकडे बघायचं राहूनच गेलं. तुला वाटलं मला सगळं मिळालं आणि तुला काही नाही. अरे गाढवा, तिथे उभं राहून मला धूर मिळाला. तू मनगटावर बोटं ठेवून सांगितलंस ना, की मी रडले नाही? मग पुढे का नाही बोललास? हात काढून घेतला म्हणून सोडून दिलंस? बाकी कुठल्या वादात सोडलं होतंस इतक्या लवकर?

आई माझीही होती, सुहास. तू एकट्याने ती सगळी छातीत कोंडून घेतलीस आणि मला विचारलंसुद्धा नाहीस. एकदा यायचं होतंस ड्रोहेडाला, रविवार नसताना, आणि म्हणायचं होतंस की ताई, मला आईसाठी रडायचंय, जवळ बस. ओपीडी गेली असती खड्ड्यात. मी बसले असते. फेइ म्हण, पो म्हण, काय हवं ते म्हण, त्या दिवशी मी एका शब्दाने वाद घातला नसता. पोटभर रडलो असतो दोघं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कान धरून तुला मशीनपुढे उभं केलं असतं.

ते तू होऊ दिलं नाहीस. आता तुम्हा दोघांसाठी मला एकटीलाच रडायचंय.